माडीतली वस्ती

"काकी, श्रावण संपायच्या आत काकाचं माडी पिणं सुटलं म्हणून समज!" सगुणाने छातीठोक सांगितलं.

कॉलेजातून आक्षीला घरी येताना तिने सूक्ष्मदर्शक मागून आणला होता. बेत साधा! भागोजीकाकाच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून काचेवर घ्यायच्या, वर माडीचा थेंब सोडायचा. दारूने पेशींचं एकीच्या दोन होणं कसं थांबतं, ते त्याला त्याच्याच डोळ्यांनी दाखवायचं.

"येवढं करच गं बाय," मनुबाईकाकी म्हणाली. "पिऊन पडवीत लवंडतात नि माडांशी गप्पा मारतात!"

काकाने हौसेने आ केला. सगुणाने सूक्ष्मदर्शकाचा आरसा उन्हाकडे वळवला, भिंगाला डोळा लावला आणि ती हरवलीच! सोनेरी पाण्यात काही मोठ्या पेशी सुस्त पडल्या होत्या, ओहोटीला रुतलेल्या पडावांसारख्या. आणि त्यांच्यामधून चिमुकले गोल तरंगत होते. एकेकाला हळूच अंकुर फुटे, अंकुराचा गोल होई. दुपार कधी कलली, तिला कळलंच नाही.

"थांबल्या का गं?" काकीने विचारलं.

"नाही... वाढतायत!" सगुणा तंद्रीतच बोलून गेली.

झालं! काका वाडीभर सांगत सुटला, "माझं आंग आतून बाळंत होतंय!" शेजारचा दादू तोंड वासून दारात हजर. "सगुणाबाय, माझंबी बघ की!" काकी मात्र चुलीकडे तोंड करून बसली.

सगुणाने दुसरी काच घेतली. नुसती माडी, कुणाचा गाल नाही. तिथेही तेच गोल, तेच अंकुर! ती ओशाळली. सुस्त पडलेल्या तेवढ्या काकाच्या. गालाच्या वरच्या थरातल्या पेशी विभागतच नाहीत, हे तिने परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते!

"काका, ते वाढणारे तुमचे नव्हेत. माडीतलेच जीव आहेत. त्यांच्यामुळेच ती फसफसते."

"जीव? जित्ते?"

श्रावणात मासळीच्या टोपलीकडेही न बघणाऱ्या काकाने ओठाला लावलेला पेला खाली ठेवला. दादूने घाईघाईने चूळ भरली. काकीने तर सूक्ष्मदर्शकाला हात जोडले! प्रयोग फसला, पण काकी जिंकली, सगुणाला वाटलं.

काकाने एकवार हलत्या झावळ्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाला,

"मने, मलमलीचं फडकं हाय का गं घरात? आजपास्नं गाळून पितो!"