सासुरवाडीच्या तीनशे आठ म्हशी

मोजणीत आपला हात कोणी धरू शकत नाही! म्हणूनच ठाण्याच्या ऑफिसात वैशाली मॅडमनी कामं वाटायला घेतली, तेव्हा मीच पहिला उठलो. आपल्या देशातून पृथ्वी तापवणारा किती वायू हवेत जातो, याचा अहवाल जगापुढे ठेवावा लागतो. गाड्या, कारखाने, वीज तर त्यात असतातच. पण म्हशी ढेकर देतात, त्यातला मिथेनही धरतात! त्यासाठी गावोगावच्या म्हशी मोजायच्या होत्या.

"खडवलीकडचं गाव मला द्या मॅडम! सासुरवाडी आहे, बसल्या जागी आकडा आणतो."

मी पाच वर्षं हंगामी. "आकडा चोख आणलात, तर तुमचं नाव कायमसाठी पाठवते," मॅडम म्हणाल्या. मी पेढे घेऊनच घरी गेलो. बायकोने, कल्पिताने, लगेच माहेरी फोन केला आणि तिथेच घोळ झाला.

सासरे भिवामामा दारात उभेच होते. मी गोठ्याकडे वळलो, तर त्यांनी खुर्ची पुढे केली.

"जावय शेनात पाय घालनार? गाव काय म्हनल? तुमी बसा, म्हशी येतील!"

तुळसामामींनी पुढ्यात कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या ठेवल्या. मेहुणा कमलेश एकेक म्हैस माझ्यासमोरून नेऊ लागला. उजवा हात रश्श्यात, म्हणून मी डाव्या हाताने रेघा मारत होतो. तिसऱ्या भाकरीनंतर डोळे जड झाले. मोडक्या शिंगाची म्हैस सारखी दिसत होती. मला वाटलं, गावात शिंगं मोडायची साथ आली असावी.

एकूण म्हशी तीनशे आठ!

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. "ऋतुराज, घरं बावीस आणि म्हशी तीनशे आठ? हा आकडा देशाच्या अहवालात गेला तर? उद्या मी स्वतः येते!"

माझी पाचावर धारण बसली. कायम राहू दे, हंगामीही जायची वेळ! मी फोन लावला.

"मामा, खऱ्या म्हशी किती?"

"अकरा. अठ्ठावीस फेऱ्या मारल्या त्यांनी! पलीकडल्या गावचा आकडा चाळीस, आन आमच्या जावयाचा अकरा? नाक कापला असता!"

"अहो, इथे जास्त म्हशी म्हणजे जास्त वायू! बदनामी!"

"असा हाय? मंग काळजी सोडा!"

मी सोडली. गाढवपणा, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी गावात एकही म्हैस नाही! गोठे झाडून लख्ख.

"म्हशी? आमच्याकडं कवाच नव्हत्या," भिवामामांनी छातीठोक सांगितलं.

तेवढ्यात मामींनी चहा आणला. वर बोटभर साय! मॅडमनी घोट घेतला. "दूध कुणाचं हो?"

"पिशवीचं!" मामा म्हणाले, आणि आतल्या खोलीतून म्हैस रेकली.

मॅडमनी ओढणी खोचली आणि घरोघर शिरल्या. माजघरात दोन, न्हाणीत एक, तांदळाच्या पिंपामागे मोडक्या शिंगाची! मोजून अकरा. वहीत आकडा लिहून त्या जेवायला बसल्या. कोंबडीने त्यांचा राग जरा उतरला.

"मॅडम, माझं नाव..."

"चोख आकडा मिळाला खरा. बघू, पाठवते."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! पोट भरलेलं, जीव भांड्यात पडलेला, आणि माझ्या तोंडून असा काही ढेकर निघाला, की आतल्या म्हशीने ओ दिली.

मॅडमनी वही उघडली, अकरा खोडलं आणि बारा लिहिलं.