लालासाहेबांचा स्वच्छ स्क्रीन

गावात कुणाचं काय अस्ताव्यस्त आहे, हे सगळ्यांत आधी लालासाहेबांना दिसायचं. बावीस वर्षं फौजेत काढलेला माणूस; घरातल्या चपलासुद्धा टाचा जुळवून उभ्या करायचा. त्या सकाळी चहा पिता पिता त्यांची नजर स्वतःच्याच मोबाईलच्या स्क्रीनवर पडली आणि त्यांनी कप खाली ठेवला. हवामानाशेजारी पत्त्यांचा डाव, त्याच्याखाली बँक, आणि बँकेला खेटून एक नाचणारा ससा. (तो ससा कुठून आला, हे त्यांना आजतागायत कळलेलं नाही.)

"ही काय पलटण हाय का जत्रा?" ते म्हणाले.

"कामापुरता चालतोय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की," राजेश्वरीबाई चुलीपुढून म्हणाल्या.

कामापुरता चालत होता, हे खरं. आठ वाजता शेतीची लाईट आली तेव्हा लालासाहेबांनी हिरव्या नळाच्या चित्रावर बोट ठेवलं होतं आणि दोन किलोमीटरवर, कृष्णेच्या काठाला त्यांची मोटर सुरू झाली होती. पाणी घरामागच्या उसात निघालं होतं. ऊस भरला की पुन्हा त्याच नळावर बोट ठेवायचं, मोटर बंद.

तेवढ्यात शेजारचा गुंडा मोटरसायकलवरून हाक मारून गेला. "लाला, वाईला जाऊन येतो. हळद वाळत घातलीया, जरा नजर ठेव रं!"

ही साधी गोष्ट नव्हती. बांधावरून तीन वर्षं दोघांत बोलणं बंद होतं. संक्रांतीला तिळगूळ घेऊन कसंबसं सुरू झालं होतं. शिजवलेली हळद गुंडानं उसाच्या बांधापलीकडेच पसरली होती. ती भिजली असती तर पुढची तीन वर्षंही गेलीच म्हणायची.

"बिनघोर जा," लालासाहेब म्हणाले आणि मोबाईलकडे वळले.

लाँचर नावाचं ॲप घेतलं की फोनचं तोंडच बदलतं, असं त्यांना वाचायला मिळालं. फौजेत त्यांनी जो रॉकेटचा लाँचर पाहिला होता तो चालवायला दोन जवान लागत. हा एका बोटानं चालतो म्हटल्यावर त्यांना राहवेना. पहिला घेतला, तर सगळी चित्रं गोल झाली. दुसऱ्यात स्क्रीन वहीच्या पानासारखा उलटायचा. तो त्यांनी वीस वेळा उलटून पाहिला. तिसऱ्यात पाठीमागे समुद्र हलत होता. चौथ्यात चित्रं बोट लावताच उड्या मारत. (तो त्यांनी शिस्तीच्या कारणावरून काढून टाकला.) पाचवा मात्र मनात भरला. चित्र एकही नाही. काळा स्क्रीन, पांढरं घड्याळ, बस्स.

"बघ, परेड ग्राउंड!" त्यांनी राजेश्वरीबाईंपुढे फोन धरला.

"मोकळं दिसतंय खरं. पर धा वाजलं की वो! मोटर?"

लालासाहेबांनी हिरव्या नळावर बोट ठेवलं. म्हणजे जिथे नळ असायचा तिथे. घड्याळ ढिम्म हललं नाही.

स्क्रीन वर सरकवल्यावर नावांची यादी आली. नुसती नावं, तीही इंग्रजीत, चौऱ्याण्णव. आणि लालासाहेबांच्या ध्यानात आलं की त्या ॲपचं नाव आपण जन्मात वाचलेलं नाही. आपण फक्त नळ ओळखतो. त्यांनी 'मोटर' लिहून शोधलं. मग 'पंप'. मग 'पाणी'. घड्याळाखाली ओळ उमटली: 'आज तुम्ही फोन सात मिनिटं कमी पाहिलात. अभिनंदन!'

"आवं, पाणी बांधाला लागलं आसंल!" राजेश्वरीबाईंनी कोपऱ्यातलं खोरं उचललं.

"दोन मिनिटांत बंद करतो. तू जा फुडं!"

त्या पळाल्या. लालासाहेबांनी वरून एकेक नाव उघडायला घेतलं. होकायंत्र उघडलं, उत्तर दिशा कळली, नळ कळला नाही. पत्ते उघडले, ससा उघडला. चाळिसाव्या नावापर्यंत पोचले आणि फोन वाजला.

"झाली का बंद? मी माती वडतीया, पर पाणी आयकंना!"

"होतीया, होतीया!"

फोन ठेवला तर यादी पुन्हा पहिल्या नावावर. पुन्हा होकायंत्रापासून सुरुवात. पन्नासाव्या नावाला परत फोन. "दोन हात ऱ्हायलं वो हळदीला!" यादी परत वर. लालासाहेबांच्या डोळ्यांपुढे गुंडा दिसू लागला, तोही पाठमोरा.

उंबऱ्यात मेथी निवडत बसलेल्या रंगूबाईंनी मान वर केली. "लाला, मोटर बंद करायची व्हय?"

"आई, गप बस जरा. तांत्रिक काम हाय."

रंगूबाईंनी कनवटीचा बटणांचा फोन काढला. त्याच्या बटणांवर टिकल्या चिकटवलेल्या होत्या. त्यांनी लाल टिकली दाबून धरली. फोनमधली बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "मोटर बंद झाली आहे. धन्यवाद."

मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवताना फिटर आईचाही फोन जोडून गेला होता, हे लालासाहेब साफ विसरले होते.

"लाल मोटर," रंगूबाई म्हणाल्या, "हिरवी तुझी भन, पिवळी डाक्टर."

"आणि मी?"

"तुला कशाला टिकली? हाक मारली की येतोस."

गुंडा दुपारी परतला. हळद कोरडी ठणठणीत होती. "लाला, नजर चांगली ठिवलीस रं! पर बांधाला ही नवी माती कशी?"

राजेश्वरीबाईंनी चिखलाचे पाय लुगड्यात ओढून घेतले.

जुना स्क्रीन परत आणायला लालासाहेबांना संध्याकाळ झाली. ससाही परत आला. पण या वेळी त्यांनी धोका पत्करला नाही. आईकडून एक लाल टिकली मागून घेतली आणि बरोबर हिरव्या नळाच्या वर, काचेवर चिकटवून टाकली.

दुसऱ्या दिवशी आठला लाईट आली. लालासाहेबांनी ऐटीत खिशातून फोन काढला आणि टिकली दाबली. मोटर लागली नाही. खिशात स्क्रीन एक पान पुढे सरकला होता. टिकली काचेवर जिथल्या तिथे होती, तिच्याखाली आता सेल्फीचा कॅमेरा होता. तो उघडला. स्क्रीनभर लालासाहेबांचा चेहरा आला, भरघोस मिशांचा, आणि दोन भुवयांच्या मधोमध लालभडक टिकली.

रंगूबाई खांद्यावरून डोकावल्या.

"शोभतीया," त्या म्हणाल्या आणि आपला फोन काढून त्यांनी मोटर सुरू केली.