बॅगा दिसता कामा नयेत

समितीची माणसं दुपारी चार वाजता घर बघायला येणार होती, त्या दिवशी सकाळी हेडक्लार्कांनी कपाटावरच्या बॅगांकडे पाहिलं आणि मनाशी ठरवलं, ह्या इथे दिसता कामा नयेत.

(तसे ते आता कुठेच हेडक्लार्क नव्हते. पाणीपुरवठा खात्यातली खुर्ची सोडून ते बायकोच्या मागोमाग या परक्या देशात आले होते. सध्या त्यांच्या हाताखाली एक कुकर, एक इस्त्री आणि एक वॉशिंग मशीन एवढाच स्टाफ होता, आणि त्यातलं वॉशिंग मशीन त्यांचं ऐकत नसे. पण माणूस बदलला तरी हुद्दा बदलत नाही, म्हणून आपणही त्यांना हेडक्लार्कच म्हणू.)

बायको मेकॅनिक. बसची. आपल्या देशात डिप्लोमा असूनही तिला वर्षानुवर्षं स्टोअरच्या खिडकीत बसवून नटबोल्ट वाटायला लावलं होतं. बसखाली जायला कुणी म्हणून दिलं नाही. इथे, रेल्वेच्या शेवटच्या टोकाच्या या गावात, डेपोत दोन बसगाड्या होत्या आणि त्यांना हात लावणारं कुणी नव्हतं. असल्या आडबाजूच्या गावांत कामगार टिकत नाहीत, म्हणून तिथल्या सरकारने एक योजना काढली होती. परदेशी कारागिराने यावं, काम करावं, आणि ‘ही माणसं इथेच राहतील’ अशी गावाच्या समितीने शिफारस केली की कुटुंबासकट कायमचं राहावं. शिफारस नाही मिळाली तर आलात तसे परत. म्हणजे बायको पुन्हा त्या खिडकीत.

हे हेडक्लार्कांना होऊ द्यायचं नव्हतं. पहिल्या दिवशी बसखालून बाहेर आली तेव्हा तिचं तोंड काळंकुट्ट झालेलं आणि त्यात नुसते दात हसत होते, ते त्यांनी पाहिलं होतं.

अडचण अशी की समिती फार संशयी झाली होती. यांच्या आधी आलेला सुतार शिफारस हातात पडताच मोठ्या शहराकडे पसार झाला होता. तेव्हापासून दाराकडे तोंड करून ठेवलेल्या चपला दिसल्या तरी समितीच्या कपाळाला आठ्या पडत. आणि यांच्या कपाटावर पाच भल्या मोठ्या बॅगा, विमानाची लेबलं अजून लोंबतायत, अशा ऐटीत बसलेल्या.

“अगं, त्या बॅगा जरा हलवू या का?” त्यांनी बायकोला विचारलं.

“कशाला?”

“बघणाऱ्याला वाटेल, आत्ता उचलल्या की निघाले.”

“अहो, त्यात रजया आहेत माझ्या. हात लावू नका.” बायको बुटाची नाडी बांधत म्हणाली. “तुम्ही फक्त घरी बसा. मी साडेतीनला येतेच. ते आले की दार उघडा आणि कमी बोला.”

“बस्स? एवढंच?”

“तेवढं जमलं तरी पुष्कळ.”

ती गेली. हेडक्लार्क घरी बसले. सुमारे पाच मिनिटं बसले.

पलंगाखाली बॅगा मावेनात. न्हाणीघरात ठेवल्या तर आंघोळ कुठे करता, असा प्रश्न येणार. शेजारणीच्या गॅरेजला कुलूप. आणि मग त्यांना एकदम सुचलं की रेल्वे स्टेशनवर सामान ठेवायची खोली असते! रीतसर पावती घेऊन सामान ठेवायचं, उद्या सोडवून आणायचं. आपल्या बुद्धीचं त्यांना स्वतःलाच कौतुक वाटलं. (हे कौतुक त्यांना अधूनमधून वाटे. दुसरं कुणी करत नसे, म्हणून घरच्या घरी भागवावं लागे.)

पाच बॅगा घेऊन ते बसस्टॉपवर उभे राहिले. दोन बसगाड्यांपैकी एक डेपोत उघडून पडलेली, दुसरी आली. ड्रायव्हर मदतीला खाली उतरला.

“लांबचा प्रवास, साहेब?”

“छे, स्टेशनपर्यंतच.”

“आणि पुढे?”

“पुढे काय? पुढे काही नाही.”

ड्रायव्हर गंभीर झाला. त्याने हलक्या आवाजात विचारलं, “मेकॅनिकबाई नाही येत?”

“तिला माहीतच नाही. आणि कृपा करून सांगू नका हं. उगाच चिडेल.”

“किती वर्षं झाली लग्नाला?”

“सव्वीस.”

“सव्वीस! मग आत्ताच असं काय झालं?”

“झालं काही नाही हो,” हेडक्लार्क मोकळेपणाने म्हणाले. “घरात जागा उरली नाही, एवढंच.”

ड्रायव्हरने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तिकिटाचे पैसे घेतले नाहीत, आणि स्टेशनवर त्यांना उतरवून बस थेट डेपोत नेली.

तिकडे काय घडलं ते हेडक्लार्कांना पुढे अनेकदा आणि अनेकांकडून ऐकावं लागलं. डेपो मॅनेजर बसखाली वाकून म्हणाला, “बाई, बाहेर या. जरा बसून घ्या.”

“क्लच उघडलाय साहेब, बसू कशी?”

“तुमचे मिस्टर बॅगा घेऊन स्टेशनवर गेले.”

“कुठल्या बॅगा?”

“सगळ्या.”

“पाचही?”

“पाचही.”

“अहो, पण त्यात माझ्या रजया आहेत!”

मॅनेजरने ड्रायव्हरकडे पाहिलं. धक्का डोक्यापर्यंत गेला होता, हे दोघांनाही पटलं. बाईंना एकटं सोडायचं नाही असं ठरलं. ती “अहो, ऐका तर” म्हणत असताना तिला गाडीत बसवून घरी पोचवण्यात आलं. चालणारी बस तेवढ्यात कुरकुरू लागली होती. पण अशा प्रसंगी बाईंच्या हातात पाना कसा द्यायचा? तीही बंद ठेवली.

स्टेशनवर हेडक्लार्क मजेत होते. सामानघराच्या कारकुनाने प्रत्येक बॅगेची वेगळी पावती केली, तेव्हा ते भारावूनच गेले. पावतीवर वेळेचा रकाना कसा हवा याबद्दल त्यांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. कारकुनाने त्या ऐकून घेतल्या आणि जेवायची सुट्टी म्हणून खिडकी बंद केली. हेडक्लार्क बसची वाट बघत कॅन्टीनमध्ये बसले. बस आली नाही. पुढच्या वेळेचीही आली नाही.

“आज बस नाही का हो?” त्यांनी कॅन्टीनवालीला विचारलं.

“कुठची बस! मेकॅनिक घरी गेली. नवरा टाकून गेला म्हणे तिला. एक शब्द न सांगता.”

“अरेरे!” हेडक्लार्क कळवळले. “काय एकेक माणसं असतात!”

“आणि एवढी कामाची बाई.”

“नालायक असणार मेला,” हेडक्लार्क चहा संपवत म्हणाले. “चाबकाने फोडायला पाहिजे असल्यांना.”

या गावात बसच्या मेकॅनिक असलेल्या बायका एकंदर किती, हा हिशेब त्यांच्या डोक्यात स्टेशनच्या फाटकापाशी पूर्ण झाला.

फोन करावा म्हणून त्यांनी खिशात हात घातला. फोन घरी चार्जिंगला. बॅगा सोडवून न्याव्यात तर खिडकी बंद. मग मात्र हेडक्लार्कांनी पँट घोट्यावर दुमडली आणि ते चालू लागले. पाऊण वाट ते धावलेसुद्धा. (निदान त्यांना तसं वाटलं. एक आजी काठी टेकत त्यांना मागे टाकून गेल्या ही गोष्ट वेगळी.) एक ओळखीची मोटार शेजारी येऊन मंदावली, आतल्या माणसाने त्यांना नीट पाहिलं, काच वर केली आणि गेला. न्हाव्याने दुकानाच्या दारातून कात्री दाखवली. पण हेडक्लार्क थांबले नाहीत. शिफारस घालवली तर आपण घालवली, तेव्हा परत आणायची तीही आपणच, या एकाच विचाराने त्यांचे पाय पडत होते.

घरात शिरले तेव्हा चार वाजून गेले होते. बैठकीत जागा नव्हती. समितीच्या अध्यक्षबाई म्हणजे औषधाच्या दुकानाच्या मालकीण, त्यांच्या शेजारी शाळेचे मास्तर, पलीकडे डेपो मॅनेजर, तीन शेजारणी. ड्रायव्हर स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करत होता. (हा नळ दुरुस्त करायचं हेडक्लार्क वर्षभर मनावर घेत होते.) बायको डेपोच्या तेलकट कपड्यांतच मधोमध बसलेली, आणि तिचा चेहरा उकळत्या रेडिएटरसारखा.

“आलात?” ती म्हणाली.

“आलो,” हेडक्लार्क धापा टाकत म्हणाले. मग ‘कमी बोला’ ही सूचना विसरून ते समितीकडे वळले. “बाई, सगळा गैरसमज आहे. मी बॅगा फक्त लपवायला नेल्या होत्या.”

“कोणापासून?” अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला.

“तुमच्यापासून.”

“का?”

“तुम्हाला वाटू नये म्हणून, की आम्ही जाणार.”

“म्हणजे जाणार होतात?”

“नाही! राहायचं होतं म्हणून तर बॅगा घेऊन गेलो.”

मास्तरांनी डोळे मिटले. मॅनेजर म्हणाला, “दोघांच्याही डोक्यावर परिणाम झालाय.”

“माझ्या नाही झालेला,” बायको उठून उभी राहिली. “सकाळपासून मी हेच सांगतेय, हे असेच आहेत. सव्वीस वर्षं असेच आहेत. आणि तुम्ही मला कामावरून उठवून आणलंत! तिकडे एका गाडीचा क्लच उघडा पडलाय, दुसरी कुरकुरतेय, उद्या सकाळी शाळेतली पोरं काय खांद्यावर नेणार?”

ड्रायव्हरचा नळसुद्धा थांबला.

हेडक्लार्कांनी मान खाली घातली. “अहो बाई,” ते अध्यक्षबाईंना म्हणाले, आणि या वेळी आवाज साधा होता, “माझ्या मूर्खपणासाठी तिचे मार्क कापू नका. तिला तिकडे कुणी बसला हात लावू देत नव्हतं. मला पाठवायचं तर पाठवा. तिला राहू द्या.”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

अध्यक्षबाईंनी मास्तरांच्या कानात काही सांगितलं. मास्तरांनी मान डोलावली.

“आजवर जी जी कुटुंबं आली,” अध्यक्षबाई म्हणाल्या, “त्या प्रत्येकाने आम्हाला सांगितलं, आम्ही इथेच राहू. सुतारानेही शपथ घेऊन सांगितलं होतं. पण नवरा सामान घेऊन गेला हे ऐकूनही जी बाई क्लचची काळजी करते, ती आम्हाला पहिल्यांदाच भेटतेय. शिफारस मंजूर.”

शेजारणींनी टाळ्या वाजवल्या. मॅनेजरने डोळे पुसले. हेडक्लार्कांनी शर्टाची कॉलर नीट केली. शेवटी म्हणजे आपल्या योजनेनेच काम केलं! हे वाक्य ते मोठ्याने म्हणणार होते, पण अध्यक्षबाईंनी हात वर केला.

“ही झाली कामगार म्हणून तुमची शिफारस,” त्या बायकोला म्हणाल्या. “यांचं तसं नाही. हे कारागीर नाहीत. हे तुमचं कुटुंब म्हणून राहणार. त्यांची सगळी जबाबदारी तुमच्यावर. ते इथे काय करतील, काय उचलून कुठे नेतील, सगळ्याला तुम्ही जामीन. ठेवून घ्यायचे असतील तर इथे सही करा.”

बायकोने हात कपड्याला पुसले. पेन घेतलं. मग तिने हेडक्लार्कांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. घामाने चिकटलेला शर्ट, दुमडलेली पँट, धुळीने माखलेले बूट. दुरुस्त करावी की भंगारात काढावी अशी गाडी डेपोत आली की ती असंच बघत असे.

हेडक्लार्क हसले. होता होईल तितकं चांगलं हसले.

बायकोने पेनचं टोपण परत लावलं आणि अध्यक्षबाईंना विचारलं,

“विचार करायला किती दिवस मिळतात हो?”