काचेतले बाबा

काचेवरची चकाकी घालवण्यात माझा हात धरणारा फोटोग्राफर अजून जन्मायचा आहे. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. काचेसमोर तिरकं उभं राहायचं. तिथून तिच्यावरून परतणारा प्रकाश एकाच दिशेत थरथरत येतो. मग लेन्सवरच्या फिल्टरची कडी बरोबर तेवढी फिरवली की तो अडतो, आणि काच जणू कुणी काढून नेली! समोरासमोर उभं राहून हे जमत नाही, आणि धातूच्या चकाकीवर तर मुळीच नाही.

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. चाळीस वर्षांनी ते बंद करायचं ठरलं, तेव्हा शेवटच्या दिवशी त्याच्या दर्शनी काचेचा फोटो काढायचं मी जाहीर केलं. आतलं प्रत्येक घड्याळ दिसेल, काच दिसणारच नाही, असं आठवडाभर जेवताना सगळ्यांना ऐकवलं. खुद्द बाबांचा म्हणाल, तर लग्नानंतरचा एकही फोटो घरात नव्हता. कॅमेरा रोखला की ते दात काढून घ्यायला बसल्यासारखा चेहरा करत आणि उठून जात.

त्या सकाळी मी काचेच्या एका टोकाला तिरका उभा राहिलो, तर दुसऱ्या टोकाला बाबा हजर. अंगात ठेवणीतला कोट, केसांना तेल! ते स्वतः फोटोच्या चौकटीबाहेर होते, पण त्यांचं प्रतिबिंब नेमकं घड्याळांवर पडत होतं. मी त्यांना सरकायला सांगितलं. ते सरकले. आईने खांद्याला धरून त्यांना परत जागेवर आणलं. मी पुन्हा सरकवलं, तिने पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा मी वैतागलो.

"राहू दे त्यांना तिथेच," मी म्हणालो. "माझ्याकडे इलाज आहे."

कडी फिरवली. बाबा विरत गेले. आधी कोट, मग चेहरा, मागे नुसती घड्याळं उरली. फोटो इतका सुरेख आला की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पंधरा दिवसांनी बाबा खरंच गेले. झोपेतच.

आईने तो फोटो मागितला. बराच वेळ पाहून तिने विचारलं, "यात हे कुठे आहेत?"

मग सगळं कळलं. कॅमेरा तोंडावर नसेल तर उभा राहतो, असं बाबा तिच्याकडे कबूल झाले होते. प्रतिबिंब फोटोत येईल अशी जागा काचेत बघून तिनेच आदल्या दिवशी ठरवली होती. काच दिसणार नाही म्हणजे माणूस आणखी स्वच्छ दिसेल, असं तिला वाटलं होतं. मला सांगितलं असतं तर मी कॅमेरा थेट त्यांच्यावर रोखला असता, म्हणून ती बोलली नव्हती, आणि तेही खरंच आहे. आयुष्यात एकदा माणूस तयार झाला, आणि मी त्याला पुसून टाकलं. मी ढसाढसा रडलो. पाणी आईनेच आणून दिलं.

मग तिने बाबांचं डोळ्याला लावायचं भिंग घेतलं आणि फोटोचा कोपरा न् कोपरा पाहिला. दाराच्या गोल पितळी मुठीवर ती थांबली. मुठीत मुगाच्या दाण्याएवढे बाबा उभे होते, कॉलर सारखी करत. शेजारी कॅमेऱ्यामागे तोंड लपवलेला मी, त्यांच्यापेक्षा मोठा!

तेवढाच भाग मोठा करून घेतला. चेहरा पार फुटला, पण कोट ओळखू येतो. मी तो फ्रेममध्ये बसवायला घेतला, तेव्हा आईने काच उचलून बाजूला ठेवली.

"काच नको," ती म्हणाली. "तुझा काही नेम नाही."