“पुष्कर विलास घैसास” टक्कल

चार वाजता दिल्लीतल्याच द्वारकेहून घैसास मंडळी शिवांगीला बघायला येणार होती आणि मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये राजीव आगाशे सकाळपासून भावी जावयाला फोनवर शोधत बसले होते. नुसतं ‘पुष्कर घैसास’ टाकल्यावर एक दातांचा डॉक्टर, एक तबलजी आणि नाशिकचा एक द्राक्षवाला हजर झाला.

“शिवांगी, तुझा यातला कुठला?”

“कुठलाच नाही, बाबा. पूर्ण नाव टाका, वडिलांच्या नावासकट. मागेपुढे डबल कोट्स. मग तेवढंच शोधतं. आणि प्लीज यार, घोळ घालू नका. मला आवडलाय तो.”

शेवटचं वाक्य राजीवरावांनी नेहमीप्रमाणे ऐकलंच नाही. तेवढ्यात मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी कोथिंबीर वडीचा फोटो टाकला. तो त्यांनी वैतागून बोटाने बाजूला सारला, निदान त्यांची तशी समजूत होती. मग एका बोटाने टाइप केलं: “पुष्कर विलास घैसास”.

उत्तर आलं: चांगला मुलगा आहे. द्वारकेत राहतो.

“अगं कल्पना, कमाल आहे. चक्क मराठीत सांगतंय.”

“मग दारूचं विचारा,” कल्पनाताई पोहे भिजवता भिजवता म्हणाल्या.

“पुष्कर विलास घैसास” दारू.

नाही. पण का?

“उलट मलाच विचारतंय. आगाऊपणा बघ,” म्हणत राजीवरावांनी आणखी नेमकं विचारायचं ठरवलं. “पुष्कर विलास घैसास” जुनी लफडी. “पुष्कर विलास घैसास” टक्कल, वडिलांना आहे का.

या वेळी उत्तराला जरा वेळ लागला.

आहे. मीच वडील. विलास घैसास.

राजीवरावांनी स्क्रीन वर सरकवली. वर कोथिंबीर वडी होती. त्यांनी घाईघाईने सगळं डिलीट केलं, ते फक्त स्वतःच्या फोनवरून.

शिवांगी खोलीतून बाहेर आली तेव्हा तिचे डोळे भरले होते. “बाबा, दोनशे लोक आहेत त्या ग्रुपवर. आता कशाला येतील ते?”

“मी फक्त दारूचं विचारा म्हटलं होतं,” कल्पनाताईंनी अंग काढून घेतलं.

फोन पुन्हा वाजला. विलासरावांनी ग्रुपवरच लिहिलं होतं: “राजीव मुकुंद आगाशे” किरकिर.

पटापट उत्तरं आली. तिसऱ्या मजल्यावरच्या हेरंबने लिफ्टवरून झालेलं भांडण सांगितलं. देवयानीबाईंनी गणपतीत आरती लांबली म्हणून माईक बंद केल्याचं लिहिलं. राजीवराव एकेकाला मनातल्या मनात शिव्या घालत मेसेज वर सरकवत गेले. सगळ्यात पहिलं उत्तर एकाच शब्दाचं होतं: ‘रोज’. खाली नाव होतं कल्पना आगाशे.

“तू?”

“त्यांनी विचारलं, मी सांगितलं,” त्या म्हणाल्या आणि कांदा चिरायला लागल्या.

इतक्यात विलासरावांचा शेवटचा मेसेज आला: आमच्या हिला विचारलं, माझ्याबद्दलही हेच म्हणाली. जमेल आपलं. निघालोय, चहा टाका.