हात कशासाठी हवा आहे?

माणसाच्या एका हातात सत्तावीस हाडे असतात आणि त्यांपैकी एकालाही रजेचा अर्ज लिहिता येत नाही. त्यामुळे हाताचे म्हणणे माणसालाच मांडावे लागते. आमच्या कंपनीत ही सोय २००४ साली झाली. (तोवर हात परस्पर दुखत असत.)

कंपनी हडपसरला. मी तिथल्या कर्मचारी कल्याण कक्षाचा प्रमुख. कक्षात मी, एक कपाट आणि एक शिक्का. त्या वर्षी आमच्या चारशे बारा संगणकतज्ज्ञांपैकी एकशे नव्वद जणांचे उजवे मनगट दुखत होते. उरलेल्यांपैकी काहींचे डावे दुखत होते आणि बाकीचे अजून प्रोबेशनवर होते. तेव्हा कंपनीने उदार मनाने ठरवले की, प्रत्येक दुखऱ्या हाताला त्याच्या मापाचा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा कडक साचा, मिळेल. वर्षाला एका हातामागे एक.

हे काम सदाशिव पेठेतल्या खुशनुमा शेख यांच्याकडे गेले. बाई पंधरा वर्षे हेच करतात. प्लास्टिकचा तुकडा हाताच्या आकाराने कापायचा, गरम पाण्यात ओल्या पापडासारखा मऊ करायचा, पुसून हातावर बसवायचा आणि गार होईपर्यंत तीन मिनिटे हात हलू द्यायचा नाही. मग तो त्याच हाताचा, दुसऱ्या कोणाला बसत नाही. आमच्या लोकांना ती तीन मिनिटे फार जड जात. (सरासरी पावणेदोन फोन.)

बाईंच्या फॉर्मवर एक चमत्कारिक रकाना होता: 'हात कशासाठी हवा आहे?' उत्तर बघून त्या मनगटाचा कोन आणि अंगठ्याची जागा ठरवत. पेठेतल्या यमुनाबाईंनी तिथे 'चकल्या पाडायला' असे लिहिले होते, आणि दिवाळीत त्यांनी त्या पाडल्याही. आमच्या एकशे एकोणनव्वद जणांनी 'काम' असे लिहिले. उरलेल्या एकाने 'वरीलप्रमाणे' लिहिले. त्याच्या वर काही नव्हते.

शुभंकर टेंभुर्णे हा आमचा भंडाऱ्याकडचा होतकरू मुलगा. त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. बाईंनी त्याला दोनदा सांगितले की, अंगठ्याला तीन आठवडे पूर्ण विश्रांती हवी. तो म्हणाला, रिलीज झाल्यावर बघू, आणि त्याने बॅगेतून माउस काढला. शेवटी बाईंनी फॉर्मवर 'रुग्णाच्या आग्रहावरून' असे लिहिले आणि माउस धरलेल्या हातावरच स्प्लिंट बसवला. परिणाम उत्तम झाला. दुखणे तेवढेच राहिले, पण मनगट वेळेवर कामावर येऊ लागले. मी प्रशस्तिपत्र दिले आणि मापाला जाताना माउस नेणे सर्वांना सक्तीचे केले.

यथावकाश शुभंकरला मुलगी झाली, मुक्ताई. ती चार महिन्यांची असताना बायकोने तिला त्याच्या हातात दिले, अंगठ्यातून कळ गेली आणि पोर निसटली. बायकोने वरच्या वर झेलली म्हणून निभावले. त्या दिवसापासून त्याने मुलीला उचलले नाही. ती रडली की तो शेजारी बसून खुळखुळा वाजवायचा, डाव्या हाताने.

एके दिवशी तो माझ्याकडे आला, जुना फॉर्म मागून घेतला, 'काम' खोडले आणि वर लिहिले, 'मुलीला उचलायला'. खोडलेले स्वच्छ दिसत होते. नियमाप्रमाणे खाडाखोड केलेला अर्ज ग्राह्य धरता येत नाही. मला खरोखर वाईट वाटले. शिक्का मी हळूच मारला.

रविवारी तो बायकोला आणि मुलीला घेऊन थेट बाईंकडे गेला. दवाखाना बंद होता. (सदाशिव पेठेतला दवाखाना उघडा असतानाही तसाच दिसतो.) बाईंनी दार उघडले आणि त्याचे सगळे ऐकून घेतले.

"हात तुमचा की कंपनीचा, ते आधी ठरवा," त्या म्हणाल्या. "पाणी तापत ठेवते."

त्याने कोरा फॉर्म भरला. बाईंनी कोपऱ्यावरच्या गाडीवरून बाळाच्या डोक्याएवढे खरबूज आणवले, ते त्याच्या तळव्यात ठेवले आणि हातावर प्लास्टिक बसवले. तीन मिनिटांत फोन दोनदा वाजला. त्याने हात हलवला नाही. मग खरबूज काढून बाईंनी तिथे मुक्ताईचे डोके ठेवले. ते नीट मावले आणि अंगठ्यावर भार आला नाही. शुभंकर बराच वेळ तसाच बसला होता, असे ऐकतो.

नव्या स्प्लिंटमध्ये माउस धरता येत नाही. दुसऱ्या दिवशी शुभंकरने रजा टाकली. कंपनीच्या दृष्टीने हा हात तीन आठवडे वाया गेला.

फॉर्मच्या काही कोऱ्या प्रती माझ्या कपाटात शिल्लक आहेत. वाचकांनी तो एक रकाना मनातल्या मनात भरावा, म्हणजे नोंद घेता येईल.

आपण आधी काय लिहिलेत, ते आमच्या लक्षात आले आहे. मग शुभंकरची आठवण होऊन आपण ते खोडलेत आणि वर घरच्या कोणाचे तरी नाव घातलेत, तेही.

क्षमस्व. खाडाखोड केलेला अर्ज ग्राह्य धरता येत नाही.