लाल पूड आणि एक ताजं फळ

"पार्सल इथल्या कस्टमने अडवलं. आता ते मिळणार नाही. कृपया पैसे परत करावेत."

एवढाच निरोप दिपमालाच्या फोनवर आला, आणि सावद्याच्या त्या घरात सकाळचा चहा कपातच निवला.

निरोप पाठवला होता नूतन नावाच्या बाईंनी, ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून. दिपमाला घरच्या गच्चीवर ज्वारीची बिबडी आणि उडदाचे पापड वाळवायची आणि फोनवर ऑर्डर घेऊन विकायची. नाशिक, पुणे, सुरत इथवर तिचा माल जात होता. समुद्र ओलांडून जाणारं हे पहिलंच पार्सल. "हे नीट पोचलं, तर आमच्या मंडळातल्या बायका दिवाळीचं सगळं तुमच्याकडूनच मागवतील," असं नूतनने कळवलं होतं. म्हणून दिपमालाने एकेक बिबडी निवडून, मोडकी बाजूला काढून, जपून खोकं भरलं होतं.

तिच्या नवऱ्याने, प्रेमराजने, तेव्हाच अट घातली होती. "एक जरी पार्सल बुडालं, तर परदेश बंद. पुन्हा नाव काढायचं नाही."

प्रेमराज स्वभावाने वाईट नव्हता, पण त्याचं आयुष्य केळीच्या व्यापारात गेलं होतं. सावद्याहून हिरवीगार केळी भरून ट्रक दिल्लीला जायचा, आणि तो पोचला की तिकडून हमखास फोन यायचा, "माल काला पड गया, भाव कम लगेगा." केळी खरंच काळी पडली की नाही, हे बघायला दिल्लीला कोण जाणार? तेव्हापासून त्याने मनाशी पक्कं केलं होतं, की लांबचं गिऱ्हाईक रडू लागलं म्हणजे त्याचं पोट भरलं असं समजावं.

"खाऊन झाली असेल बिबडी," तो म्हणाला. "आता पैसेबी पाहिजे."

"अहो, कस्टमने अडवलंय."

"दिल्लीवाला म्हणायचा गरमीने काळी पडली. ही म्हणते कस्टमने अडवली. सोंग बदललं, नट तोच. माल परत पाठव म्हणा, मग पैसे देतो."

दिपमालाने तसं विचारलं. उत्तर आलं, की अडवलेला माल तिथे परत देत नाहीत, जाळून टाकतात.

"पापड जाळतात?" प्रेमराज हसला. "भाजत असतील! साहेबलोक बसले असतील लोणचं घेऊन."

त्याच्या संशयाला आणखी एक कारण होतं. माल मागवला पर्थच्या बाईने आणि पैसे आले होते एरंडोलच्या कुण्या भाईदासच्या खात्यातून. नूतनने सांगितलं होतं, की तिकडून पैसे पाठवणं कटकटीचं आहे, म्हणून माझे वडील देतील. "खाणारी तिकडे, पैसे देणारा इकडे, मधल्या मधे माल गायब," प्रेमराज म्हणाला. "हे बाप-लेकीचं दुकान दिसतं."

"आपलं नाव खराब होईल. पैसे देऊन टाकू," दिपमाला म्हणाली. पण धंद्याचं खातं प्रेमराजच्या फोनमध्ये होतं आणि फोन प्रेमराजच्या खिशात.

"आधी विचार, का अडवलं? पापडाने काय गुन्हा केला?"

दुपारी नूतनचं उत्तर आलं. कस्टमवाल्यांनी कळवलेलं तिने मराठीत लिहून पाठवलं होतं, की खोक्यात पापडांशिवाय एक ताजं फळ, धान्याच्या बिया, एका झाडाचं मूळ आणि नाव नसलेली लाल व पिवळी पूड निघाली. पूड तपासणीला पाठवली आहे. खाली नूतनने स्वतःचं एक वाक्य जोडलं होतं, 'तुम्ही नेमका कशाचा धंदा करता?'

दिपमालाने तो निरोप पुन्हा वाचला. खोकं तिने स्वतः भरलं होतं. त्यात बिबडी आणि पापड याशिवाय काडीही नव्हती.

"फळ!" प्रेमराजचे डोळे बारीक झाले. सावद्यात फळ म्हटलं की माणसाला केळं सोडून दुसरं काही आठवत नाही. "म्हणजे कोणीतरी केळं घातलं. मी तेव्हाच म्हणत होतो, वजनात घोळ आहे!"

वजनात घोळ झाला होता, हे खरं. घरच्या काट्यावर भरलेलं वजन आणि कुरिअरच्या काट्यावर आलेलं वजन यांत चांगलाच फरक पडला होता. प्रेमराजने त्या दिवशी कुरिअरवाल्या तोतारामशी काट्यावरून भांडून सगळी आळी गोळा केली होती. आता तो पुन्हा तिकडे निघाला.

"तोताराम, खरं सांग. माझ्या पार्सलमध्ये केळं कोणी घातलं?"

तोतारामने हातातलं खोकं खाली ठेवलं. "प्रेमराजभाऊ, सावद्यात केळं कोणी चोरून घालेल का? इथं फुकट द्यायला गेलं तर लोक रस्ता बदलतात."

"मग बिया? मूळ? लाल पूड?"

"लाल पूड?" तोताराम उठून उभा राहिला. त्याने दुकानाबाहेर डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कसली पूड?"

"मला काय माहीत? तपासायला पाठवली म्हणे."

"भाऊ, पापडाचं सोडा. पूड तपासायला गेली म्हणजे प्रकरण वरपर्यंत जातं. पाठवणारा म्हणून कोणाचं ओळखपत्र दिलं होतं तुम्ही?"

प्रेमराजनेही आता दुकानाबाहेर डोकावून पाहिलं. "माझं."

"मग माझं नाव कुठे घेऊ नका," तोताराम म्हणाला आणि त्याने पहिल्यांदाच प्रेमराजला चहा विचारला नाही.

घरी येताच प्रेमराजने दाराला आतून कडी घातली. मग तो स्वयंपाकघरात शिरला आणि जेवढ्या म्हणून पुडी होत्या, त्या सगळ्यांच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवू लागला. मिरची, हळद, धणेपूड, काळा मसाला. त्याची आई तानुबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांची दात घासायची मिसरीची डबीसुद्धा त्याने सोडली नाही.

"काय करू राह्यला रे? मले माही मिसरी वळखू येत नाही का?"

"माय, तू गप बस. कोणी विचारलं तर सांग, मले काही माहीत नाही."

"काहाचं माहीत नाही?"

"तेच. काहीच माहीत नाही."

तानुबाईंनी शेंगा फोडत मान हलवली. मुलाचा हा संशयी स्वभाव त्याच्या बापावर गेला होता. ते भाजीवालीकडून घेतलेला मुळासुद्धा दोनदा उलटून बघायचे.

दोन-तीन दिवसांनी दारात एक गृहस्थ आले. अंगात इस्त्रीचा सफारी, खांद्याला पिशवी, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्मा न काढताच ते म्हणाले, "येथे बिबडी मिळते, असे समजले. माल कोठे बनवता? खोके कोण भरते? भरताना तेथे कोण कोण हजर असते?"

अशी शुद्ध मराठी सावद्यात कोणी बिबडी घ्यायला बोलत नाही. प्रेमराज चटकन आत वळला. तो दिपमालाच्या कानाशी लागला, "साध्या वेशातले आहेत. सांभाळून बोल." आणि पाहुण्यांना मोठ्याने म्हणाला, "या साहेब, बसा. आमच्याकडे सगळ्या डब्यांवर नाव लिहिलेलं आहे. बघून घ्या."

पाहुण्यांनीही संशयाने खोलीभर नजर फिरवली. खुर्चीच्या अगदी कडेला बसले, समोर आलेलं पाणी आधी प्रेमराजने प्यावं याची वाट पाहिली. तो प्यायल्यावरच त्यांनी आपला पेला उचलला.

दिपमालाने शेवटचा उपाय म्हणून भाजलेली बिबडी, कच्चं तेल आणि शेंगदाणे पुढे केले. पाहुण्यांनी तुकडा मोडला, तेलात बुडवला, तोंडात टाकला. चष्मा हळूच नाकावर घसरला.

"भारी शे हाई!" ते एकदम म्हणाले. "मनी मायना हातनी बिबडी याद उनी!"

"एरंडोलकडचे दिसता," ओसरीवरून तानुबाई म्हणाल्या.

आईच्या हातची चव आठवून तोंडून घरची अहिराणी निसटली होती; पाहुण्यांनी जीभ चावली, पण आता उपयोग नव्हता. ते उठून उभे राहिले. "हो! मी भाईदास. नूतनना बाप! पाहाले उनू व्हतू, हाई दुकान खरं शे का लबाडीनं. पार्सलमा काय भरेल व्हतं तुम्ही? मनी पोरले तठेना सायेब इचारी राह्यनात, हाई लाल पूड कसानी? बठ्ठं घर घाबरी गयं आमनं!"

साहेब नाहीत म्हटल्यावर प्रेमराजलाही जोर चढला. "आम्ही भरलं? तुमच्याच पोरीने काहीतरी कालवलं असेल! पैसे तुमचे, फळ तुमचं, अन् नाव माझं?"

"मी काय पैसा छापस का, बिबडीसाठे नाटक कराले?"

"दिल्लीवालाबी हेच म्हणायचा!"

"कोन दिल्लीवाला?"

दिपमाला मधे पडली, पण तिचं कोणी ऐकेना. भांडण अंगणात उतरणार, एवढ्यात तानुबाई शेंगांचं सूप बाजूला ठेवून कमरेवर हात देत उठल्या.

"थांबा रे. हे पार्सल एरंडोलच्या लेकीचं व्हतं? मंग मले सांगा, तिले ओटी मियाली का?"

सगळे त्यांच्याकडे वळले.

"कोणती ओटी, माय?" प्रेमराजने विचारलं.

"अरे, दिपमाला चिकटपट्टी संपली म्हनून दुकानात गेली व्हती. खोकं उघडंच पडेल व्हतं. मी म्हनलं, आपल्या खान्देशची लेक, एवढी लांब नांदू राह्यली. तिच्या घरी खोकं जाईन, अन् रिकामं जाईन? मंग पापडाच्या खाली ओटी भरली. नारळ, तांदूय, हळकुंड, हळदी-कुंकवाच्या पुड्या. वरतून पापड पुन्हा जसेच्या तसे लावले. काहून, तुटले का काही?"

प्रेमराज बोटांवर मोजू लागला. एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. ताजं फळ म्हणजे नारळ, बिया म्हणजे तांदूळ आणि मूळ म्हणजे हळकुंड. तोतारामचा काटा बरोबर होता.

"माय," तो कसाबसा म्हणाला, "तुझं कुंकू तपासायला पाठवलंय त्यांनी."

"तपासू दे की! मुक्ताईनगरहून आनेल हाये. भेसळ निघाली तर मले सांग म्हना."

भाईदासांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे भरून आले होते. लेक लग्न होऊन परदेशी गेली, तेव्हापासून तिची ओटी कोणी भरली नव्हती, आणि या अनोळखी म्हातारीने ती पापडांखाली दडवून समुद्रापार धाडली होती. ते पुढे झाले आणि तानुबाईंच्या पाया पडले.

"चूक आमचीच आहे नाना," दिपमाला म्हणाली. "पैसे आत्ताच परत करतो."

"राहू द्या बाई," भाईदास म्हणाले. "ओटीना पैसा कोनी माघारे लेस का? माले काही नको."

तानुबाईंना ते फार आवडलं. त्या लगेच आत जाऊन नूतनच्या आईसाठी दुसरा नारळ आणि तांदूळ घेऊन आल्या, आणि भाईदासांच्या पिशवीत घातले. एरंडोलला कस्टम नाही, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली.

पैसे वाचले म्हणून प्रेमराजने खरं तर सुटकेचा श्वास सोडायला हवा होता. पण तो कोपऱ्यात उभा राहून भाईदासांकडे एकटक बघत होता. त्याने दिपमालाला बाजूला घेतलं.

"पैसे नको म्हणतो तो!"

"हो. चांगला माणूस आहे."

"चांगला? सगळं आयुष्य धंद्यात गेलं माझं, एकाने मला पैसे नको म्हटलं नाही. यात काहीतरी आहे."

दिपमालाने नवऱ्याकडे पाहिलं. मग तिनेही आवाज खाली आणला. "मलाही तेच वाटतं हो. पैसे घेतलेलं गिऱ्हाईक गप बसतं. न घेतलेलं काय, जन्मभर कुठेही काहीही बोलायला मोकळं."

प्रेमराजने ताबडतोब खिशातून फोन काढला.

भाईदास बसस्टँडवर पोचले नसतील, तोच त्यांच्या खात्यात पैसे जमा झाले. त्यांनी स्टँडवरूनच ते परत पाठवले. प्रेमराज मोटारसायकलवर बसून स्टँडवर गेला आणि त्यांच्या समोर उभा राहून पुन्हा पाठवले. "नाना, मुकाट्याने घ्या!" "माले नको म्हनं ना!" भाईदासांनी तिथल्या तिथे परत केले. पैसे त्या दोन फोनांमध्ये चेंडूसारखे हिंडू लागले. कुल्फीवाल्याने गाडी थांबवली, लोक जमले, आणि कोण कोणाला फसवतंय हे कुणालाच कळेना. शेवटी जळगावची बस हलली. प्रेमराजने खिडकीखालून धावत धावत शेवटचं बटण दाबलं. भाईदासांनी आतून फोन उंच धरून दाखवला. त्याची बॅटरी संपून पडदा काळा पडला होता.

प्रेमराज छाती फुगवून घरी आला. "शेवटी घ्यायला लावलेच पैसे!"

दिपमालाने तसं नूतनला कळवलं आणि झाल्या चुकीची माफीही मागितली. यापुढे चिकटपट्टी हाताशी असल्याशिवाय खोकं उघडायचं नाही, असं तिने मनाशी ठरवलं. संध्याकाळी उत्तर आलं. 'बाबांनी सगळं सांगितलं. मी खूप रडले आणि खूप हसले. चूक कबूल करून लगेच पैसे परत करणारं दुकान मी पहिल्यांदाच पाहिलं. आता माझा पूर्ण विश्वास बसला. मंडळातल्या सगळ्या बायकांची दिवाळीची ऑर्डर पाठवत आहे.'

दिपमाला आनंदाने उठली आणि पीठ किती लागेल याचा अंदाज घ्यायला स्वयंपाकघराकडे वळली. प्रेमराजने तो निरोप एकदा वाचला, दोनदा वाचला. फोन थोडा लांब धरून पुन्हा वाचला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली.

"एवढ्या लवकर पूर्ण विश्वास बसला?" तो म्हणाला. "काय गं, तो माणूस खरंच तिचा बापच होता ना?"